'लाइव्ह रेकॉर्डिंग'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : पियानोवादनाच्या ध्वनिमुद्रणांवर एक लेख लिहिते आहे. 'स्टुडिओतलं ध्वनिमुद्रण' सहज लिहून झालं, 'लाइव्ह'पाशी मात्र गाडं अडलं. 'थेट ध्वनिमुद्रण' कानाला खटकतं. 'जिवंत' म्हणावं, तर स्टुडिओतलं आपोआप मेलेलं ठरतं. माझ्यासमोर आहे सोव्हिएत पियानोवादक रिख्टरने १९५८ साली बल्गेरियातल्या सोफियात वाजवलेलं, मुसोर्गस्की या रचनाकाराचं संगीत. फेब्रुवारीचे दिवस, श्रोते सारखे खोकताहेत, काही स्वर चुकताहेत, आणि तरी ते वादन सोडवत नाही. याला काय म्हणू?

प्रतिसाद : 'थेट' खटकतं ते बरोबरच आहे. थेट प्रक्षेपण म्हणजे घडतं त्याच क्षणी पोचणारं. मुद्रण म्हणजे साठवण. साठवलेलं थेट कसं असेल? 'जिवंत'चे अर्थही पाहा: जिवंत झरा, जिवंत देखावा, जिवंत काडतूस. 'लोकांसमोर' हा अर्थ यात कुठेच नाही. जिवंत वादन ही दाद आहे, आणि ती पियानोवादक ग्लेन गूल्डने १९५५ साली न्यूयॉर्कच्या स्टुडिओत वाजवलेल्या बाखच्या 'गोल्डबर्ग' या रचनेलाही द्यावीच लागते. मी 'मैफलीतलं ध्वनिमुद्रण' म्हणेन.

प्रतिसाद : 'मैफल' मला इथे जड वाटतो. मैफल म्हटली की बैठक आली, मधेच उमटणारी 'वाहवा' आली, फर्माईश आली. पियानोच्या कार्यक्रमात रचना संपेपर्यंत श्वास रोखून बसतात, आणि न्यूयॉर्कमधल्या कार्नेगी हॉलच्या मुख्य सभागृहात तर सुमारे २८०० खुर्च्या! आकाशवाणीवर 'निमंत्रित श्रोत्यांसमोर' असं म्हणतात. त्यावरून 'श्रोत्यांसमोरचं ध्वनिमुद्रण' का नको? फरक नेमका श्रोत्यांचाच तर आहे.

प्रतिसाद : शब्द आवडला, पण त्यावर एका गोष्टीचा भार टाकू नका. श्रोत्यांसमोरचं म्हणजे जसंच्या तसं, असं नव्हे. पियानोवादक होरोविट्झ बारा वर्षांनी, ९ मे १९६५ ला, कार्नेगी हॉलच्या मंचावर परतला. बाखच्या, बुसोनीने पियानोसाठी बसवलेल्या 'टोकाटा' या रचनेत अगदी सुरुवातीलाच त्याचे स्वर चुकले. कोलंबिया कंपनीने काढलेल्या तबकडीत मात्र चुका दुरुस्त केलेल्या होत्या. त्या दिवशी प्रत्यक्षात काय वाजलं ते २००३ साली असंपादित आवृत्ती निघाली तेव्हा घरोघरी कळलं. मला तीच प्रिय आहे. त्या चुकलेल्या स्वरांत बारा वर्षांची धास्ती ऐकू येते.

उलट, स्टुडिओतली जोड म्हणजे नुसती डागडुजी नसते. गूल्डने १९६६ च्या एका लेखात बाखच्या 'ए मायनर फ्यूग' या रचनेच्या मुद्रणाची हकीकत दिली आहे. सहावा आणि आठवा टेक (म्हणजे तीच रचना पुन्हा वाजवून केलेलं एकेक मुद्रण) दोन्ही निर्दोष, पण एक फार गंभीर, दुसरा फार उड्या मारणारा. सलग ऐकले की दोन्ही एकसुरी. मग दोन्हींचे भाग जोडून त्याने तिसरंच रूप घडवलं. १९६४ मध्ये मंच सोडलेल्या या माणसाला स्टुडिओ म्हणजे लपायची जागा नव्हती, रचनेचं टेबल होतं. म्हणून तिथल्या कामाला 'कृत्रिम' हे विशेषणही लावू नका.

प्रश्नकर्ती : आभार. रिख्टरला 'श्रोत्यांसमोरचं' लिहिते. होरोविट्झच्या तबकडीला 'श्रोत्यांसमोरचं, संपादित'. 'मैफल' भीमसेनांसाठी राखून ठेवते. आता 'टेक' उरला. मला 'खेप' सुचतो: सहावी खेप, आठवी खेप. चालेल?

प्रतिसाद : चालेल. 'या खेपेला जमलं' असं आपण म्हणतोच की.