नवा परवाना, गावाकडची गाडी आणि विम्याचा हप्ता

प्रश्न : मुलाला गेल्या महिन्यात परवाना मिळाला असून दर्यापूर तालुक्यातील आमच्या गावी वापरण्यासाठी 1200 सीसीची जुनी गाडी घेत आहोत. चालक नवखा आणि रस्ता खड्ड्यांचा, म्हणून हप्ता वाढेल काय?

उत्तर : तृतीय पक्ष विम्याचा (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे नुकसान झाल्यास भरपाई देणाऱ्या विम्याचा) दर सरकार ठरवते, 2022 च्या दरपत्रकानुसार 1000 ते 1500 सीसीच्या खासगी गाडीला तो वर्षाला 3,416 रुपये आहे, मग चालक नवखा असो वा मुरलेला. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात मात्र नोंदणीचे ठिकाण पाहतात. मुंबई, पुण्यासह आठ महानगरे ‘अ’ विभागात, तर नागपूर धरून सगळा विदर्भ ‘ब’ विभागात मोडतो व तेथील मूळ दर थोडा कमी असतो. जुन्या मालकाची ‘नो क्लेम’ सवलत (भरपाईचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) तुम्हांला मिळणार नाही, कारण ती गाडीची नसून मालकाची असते. पॉलिसी 14 दिवसांत नावावर करून घ्या.

दुसरे उत्तर : हप्त्यापेक्षा आपल्याकडचे धोके पाहा. मागच्या हिवाळ्यात रात्री तुरीच्या शेतातून रोही (नीलगाय) थेट माझ्या बॉनेटवर आला. सर्वसमावेशक, म्हणजे स्वतःच्या गाडीचे नुकसानही धरणारी, पॉलिसी असल्यानेच भरपाई मिळाली. नाल्याच्या पुरात गाडी घालून इंजिनात पाणी शिरले, तर इंजिन संरक्षणाचे जोडकलम नसताना तो खर्च सहसा नाकारतात. कॅशलेस गॅरेज (जिथे दुरुस्तीचे पैसे विमा कंपनी परस्पर भरते) अमरावतीलाच असेल, तर टोचन करून नेण्याची सोय पॉलिसीत आहे का, हेही विचारा.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. रोह्याचा विचार आम्ही केलाच नव्हता.