प्रतिसाद: डीसी केबलला टॅन डेल्टा पुरत नाही

मुंबईला वीज आणणाऱ्या कुडूस–आरे लाइनसारख्या ±३२० केव्ही (किलोव्होल्ट) डीसी केबलची टॅन डेल्टा (एसी व्होल्टेज देऊन इन्सुलेशनमध्ये किती ऊर्जा वाया जाते ते मोजणारी चाचणी) दरवर्षी घेतली की झालं, असं एका पोस्टमध्ये म्हटलंय. तेवढ्यावर विसंबू नका. एसीत इन्सुलेशनवरचा विद्युत ताण पर्मिटिव्हिटी (विद्युतक्षेत्रात चार्ज साठवण्याची क्षमता) ठरवते, डीसीत कंडक्टिव्हिटी (वीज वाहू देण्याची क्षमता). आणि एक्सएलपीईची (केबलच्या इन्सुलेशनचं प्लॅस्टिक) कंडक्टिव्हिटी तापमानासोबत झपाट्याने वाढते. म्हणून भरपूर लोडवर सर्वाधिक ताण कंडक्टरजवळून बाहेरच्या थराकडे सरकू शकतो. त्यात स्पेस चार्ज (इन्सुलेशनमध्ये अडकलेला चार्ज) साठला की गणित आणखी बिघडतं.

म्हणून शटडाउनमध्ये पोलरायझेशन-डिपोलरायझेशन करंट (व्होल्टेज दिल्यावर आणि काढल्यावर इन्सुलेशनमधून वाहणारा सूक्ष्म करंट) मोजा: ठरावीक डीसी व्होल्टेज ३० मिनिटं, काही सेकंद शॉर्ट, मग ३० मिनिटं उलटा करंट. त्याआधी केबल बराच वेळ अर्थ केलेली (जमिनीशी जोडलेली) हवी, नाहीतर जुनाच चार्ज मोजत बसाल. तापमानही मागच्या चाचणीइतकंच हवं. मे महिन्याचा आकडा जानेवारीशी ताडून केबलला म्हातारी ठरवू नका!

पार्शियल डिस्चार्जला (इन्सुलेशनमधल्या दोषाच्या जागी होणारे छोटे डिस्चार्ज) डीसीत फेजच नसतो, त्यामुळे पल्सचा आकार आणि दोन पल्समधला वेळ बघायचा. सेन्सर लावायचे ते जॉइंटवर आणि टर्मिनेशनवर (केबलच्या टोकाच्या जोडणीवर). भानगडी बहुधा तिथेच होतात. व्होल्टेज चढवताना-उतरवताना नोंदी घ्यायला विसरू नका, स्थिर डीसीपेक्षा तेव्हा पल्स जास्त दिसतात.