गोदामं रंगवून भागत नाही

बंदराच्या गावातली जुनी गोदामं पालिकेने रंगवली, धक्क्यावर दिवे लावले की जुना वारसा आपोआप जपला जातो, असं काहीजण म्हणतात; ते काही पटलं नाही. लिव्हरपूलचं बंदर २००४ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं आणि २०२१ मध्ये बाहेर पडलं, तेही किनाऱ्यावरच्या नव्या बांधकामांपायी. पैसा ओतूनच घालवलं म्हणा ना!

आमच्या सोलापुरात बंदर कुठलं, पण वारद घराण्याने बांधलेलं इंद्रभुवन ही जुनी इमारत आहे. त्यात महापालिका नांदली, म्हणून ते माणसांच्या वापरात राहिलं. रिकाम्या इमारतीचं छत गळलं तर ओरडणार कोण? सांध्यात पिंपळ मात्र बिनबोभाट वाढतो. आणि हो, चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा नको. ओल आत कोंडते, खाऱ्या हवेत तर पोपडेच सुटतात.