पृष्ठ, पाठ की पोट? (टोल प्रथिनाच्या उताऱ्यात अडलेय)

टिळकवाडीच्या बाई: मराठी माध्यमाच्या मुलांसाठी फळमाशीच्या भ्रूणावर उतारा करतेय. पहिल्याच वाक्याला गाडी अडली. ‘टोल हे पेशीपृष्ठावरील प्रथिन भ्रूणाचा पृष्ठ-अधर अक्ष ठरवते.’ (म्हणजे पाठ कुठली, पोट कुठलं ते.) एक मुलगी म्हणाली, म्हणजे ते पाठीवर असतं होय? उलटंच आहे की! टोल भ्रूणाच्या बाहेरच्या पटलावर चहूकडं सारखाच पसरलेला असतो. त्याला जागं करणारं श्पेट्सलं प्रथिन फक्त पोटाकडं कामाला लागतं. तिथं टोल जागा झाला, की आतलं डॉर्सल प्रथिन केंद्रकांत शिरतं आणि ती बाजू पोट होते. एका वाक्यात दोन ‘पृष्ठ’, एक पृष्ठभागाचं, एक पाठीचं, काय करू?

निपाणीकर: ‘पाठ-पोट’ लिहा आणि मोकळ्या व्हा. अधर म्हणजे पोरं ओठ समजतात.

शास्त्रीबुवा: काय बोलूलालाय! परिभाषा म्हणजे बाजारातली भाषा नव्हे. उद्या ‘पृष्ठवंशी’चं काय करणार, ‘पाठकणे’?

निपाणीकर: माशीला कुठला आलाय कणा, बुवा? तिची मज्जारज्जूसुद्धा पोटाकडून जाते.

प्रयोगशाळेतला: भांडण पृष्ठाचं, पण पेशी तरी कुठं आहे? अंड्यात आधी नुसती केंद्रकंच 13 वेळा दुप्पट होतात. सुमारे 6000 केंद्रकं एकाच पटलाखाली नांदतात, मधल्या भिंती घालून पेशी नंतर होतात. टोलचं हे काम त्याच वेळचं. तेव्हा ‘अंड्याच्या पटलावरचं प्रथिन’ लिहा, एक पृष्ठ आपोआप गळेल. ‘डॉर्सल’चं मात्र भाषांतर करू नका. माशीच्या आईत ते जनुक बिघडलेलं असेल तर पिल्लू नुसतं पाठच पाठ होतं, म्हणून ते नाव. नाव पाठीचं, काम पोटाचं!

बाई: हे पटलं. आणि ‘टोल’? वर्गात सगळे कोगनोळीचा टोलनाका म्हणून हसतात.

प्रयोगशाळेतला: जर्मनमध्ये ‘भन्नाट’. न्युसलाइन-फोलहार्ड आणि विशाउस यांना 1995 चं नोबेल (लुईस यांच्यासोबत) याच माशीच्या भ्रूणावरच्या कामाला मिळालं.

खानापूरचा आंबेवाला: थांबा, ‘फळमाशी’च चूक आहे. फळमाशी आंब्यात अंडी घालते, तिच्यासाठी आम्ही मिथाईल युजेनॉलचे सापळे बांधतो. तुमची ती पिकल्या केळ्यावर घोंघावणारी. तिला चिलट म्हणतात.

शास्त्रीबुवा: चिलट डोळ्यांपुढं येतं, केळ्यावर नाही. ते गुंगुरटं.

हुक्केरीची सून: सासरी नुसी म्हणतात.

शास्त्रीबुवा: तो कन्नड शब्द.

हुक्केरीची सून: असेना का. आमच्या सासूबाई मराठीतच बोलतात, आणि केळी झाकायला सांगताना नुसीच म्हणतात. तुम्ही ‘अडकित्ता’ म्हणता ना? तोही कन्नडातलाच.

आंबेवाला: अडकित्त्याचं राहू दे ताई. गुंगुरटं जनावरांच्या डोळ्यांभोवती असतात, बुवांनी गोठा बघितलेला दिसत नाही.

बाई: अहो, अधरचं काय ठरलं? उतारा सोमवारी द्यायचाय.

निपाणीकर: पोट.

शास्त्रीबुवा: अधर. आणि गोठा आमच्याही घरी होता. त्यात जी यायची ती गोमाशी.