खोक्यावर वायरलेस, खोक्यात वायर! तुमचे अनुभव सांगा

धागाकर्ती: मंडळी, वस्तूच्या खोक्यावर ठसठशीत 'वायरलेस' छापलेलं असतं आणि खोकं उघडलं की आधी हाताला लागते ती गुंडाळलेली चार्जिंगची वायर. यावरून आमच्याकडे दादा आणि वहिनीची जुंपली. वहिनी म्हणते, वापरताना लोंबत नाही ना, मग झालं. दादाचं मत, आत-बाहेर कुठेही तार निघाली तर ती फसवणूक. तुमच्याकडे असे वाद झाले असतील तर लिहा. काथ्याकूट करायलाच धागा काढलाय, त्यामुळे क्षुल्लक मुद्द्यांचं विशेष स्वागत.

चकतीवाला: बाबांना वायरलेस चार्जर दिला. त्यांनी चकती उलटीसुलटी केली, तिची शेपटी चिमटीत धरली आणि विचारलं, "मग ही काय?" मी उत्साहाने समजावलं, की चकतीत तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, फोनच्या पाठीत दुसरं; पहिल्यात उलटसुलट प्रवाह खेळवला की दुसऱ्यात वीज उपजते, फॅरडेने १८३१ साली दाखवलेलं तेच तत्त्व. बाबा म्हणाले, "म्हणजे आधी एक वायर लागायची. आता एक भिंतीपासून चकतीपर्यंत, एक चकतीत आणि एक फोनमध्ये. शिवाय पूर्वी चार्जिंगला लावूनही फोन कानाशी धरता यायचा." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही.

राउटरग्रस्त: वायफाय राउटरच्या मागे डोकावून पाहा. बस, एवढंच.

काचवाला: राउटरग्रस्त, माझ्याकडे फायबर आहे. काच आहे ती, तार नव्हे. माझं नेट शुद्ध बिनतारी!

राउटरग्रस्त: आणि राउटरला वीज काय प्रार्थनेने मिळते?

दोन पोरांची आई: बंद पडलेला वायरलेस माउस पोरांना खोलायला दिला. बॅटरीची स्प्रिंग, हिरवी पाटी आणि पाटीच्या कडेला तांब्याची नागमोडी रेघ. धाकटी ओरडली, "तार सापडली!" तो अँटेना. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांब असते, तिच्या पावपट म्हणजे तीनेक सेंटिमीटर रेघ लागते. जागा वाचावी म्हणून ती दुमडून छापतात. थोरला म्हणतो, छापलेली ती रेघ, तार नाही. धाकटी म्हणते, वीज जाते ना तिच्यातून? दोघं अजून बोलत नाहीत.

डागणीवाला: दुरुस्तीचं काम करतो म्हणून सांगतो. ताई, रेघेला सूट देऊन टाका, पण त्या पाटीवरच्या काळ्या चौकोनाचं काय? बऱ्याच चिपमध्ये सिलिकॉनचा तुकडा बाहेरच्या पायांना जोडायला सोन्याच्या किंवा तांब्याच्या तारा असतात, केसाहून बारीक. भिंगाखाली फोडलेली चिप पाहा, कडेने तारांच्या कमानीच कमानी दिसतात. धाकटीला कळवा, ती जिंकली.

सामनावेडा: माझं दुःख वेगळं. फोनमधल्या एफएमवर सामना ऐकायचा होता, कानात बिनतारी इयरबड. पडद्यावर सूचना: 'वायरचा हेडसेट जोडा.' का, तर फोन त्या वायरलाच अँटेना म्हणून वापरतो, कारण एफएमची लहर तीनेक मीटर लांब आणि तिच्या मापाचा अँटेना फोनमध्ये मावत नाही. म्हणजे जुने लोक ज्याला 'वायरलेस' म्हणायचे तो रेडिओच वायरीसाठी अडून बसला. शेवटच्या षटकात शेजारणीकडून जुना इयरफोन मागून आणला.

इतिहासप्रेमी: अहो, मूळ पुरुषाचीही तीच गत. १९०१ च्या डिसेंबरात अटलांटिकपलीकडचा संदेश पकडल्याचं मार्कोनीने जाहीर केलं, तेव्हा न्यूफाउंडलंडच्या टेकडीवर त्याने पतंगाला बांधून काय सोडलं होतं? दीडेकशे मीटर तार!

कळदाब्या: सगळे नकारघंटा वाजवताय, म्हणून एक खरा बिनतारी माणिक देतो. १९५६ साली झेनिथने 'स्पेस कमांड' नावाचा टीव्हीचा रिमोट काढला. कळ दाबली की आतली हातोडी ॲल्युमिनियमच्या कांडीवर आपटायची, माणसाला ऐकू न येणारा सूर निघायचा आणि तो ओळखून टीव्ही चॅनल बदलायचा. बॅटरी नाही, सर्किट नाही, तार नाही. आता बोला!

खुसपटराव: हातोडी स्प्रिंगवर चालायची ना? मग स्प्रिंग कशाची करतात, तेवढं सांगा.