व्हीपीएनला एकच लेयर चिकटवायचा हट्ट कशाला?

पॅकेटवाला: व्हीपीएन म्हणजे इंटरनेटवरून काढलेला खासगी बोगदा, आणि लेयर म्हणजे ओएसआय या मॉडेलने पाडलेले नेटवर्कच्या कामाचे थर. 'व्हीपीएन कोणत्या लेयरवर चालतं?' या प्रश्नाला ठरलेलं उत्तर असतं, 'तिसऱ्या', म्हणजे आयपी पत्त्यांच्या. माझ्या मते प्रश्नच चुकीचा आहे. एलटूटीपी हा टनेल (बोगदा) काढणारा प्रोटोकॉल बघा. आत पीपीपी या थेट जोडणीच्या प्रोटोकॉलची फ्रेम (डेटाचा गठ्ठा), म्हणजे दुसरा लेयर. ती निघते यूडीपी या वाहतूक करणाऱ्या प्रोटोकॉलच्या १७०१ पोर्टवरून, म्हणजे चौथा. दुसरा चौथ्याच्या पोटात! १९८४ मध्ये प्रमाण ठरलेल्या ओएसआयच्या सात मजल्यांत असा जिनाच नाही.

खालचा मजला: साफ असहमत. टनेलचा लेयर आतल्या मालावरून ठरतो, गाडीवरून नाही. ओपनव्हीपीएन हे व्हीपीएन सॉफ्टवेअर टॅप मोडमध्ये इथरनेट फ्रेम (दुसरा लेयर) नेतं, म्हणून ब्रॉडकास्टही, म्हणजे सगळ्यांना एकदम धाडलेला संदेशही, पलीकडे पोचतो. टन (tun) मोडमध्ये फक्त आयपी पॅकेट (तिसरा लेयर) जातात. गाडी दोन्हीकडे यूडीपीच असू शकते. हा फरक लेयरचं नाव न घेता समजावून दाखवा.

पॅकेटवाला: बरं, मालाचं मान्य. कुलपाचं, म्हणजे एन्क्रिप्शनचं काय? पुस्तकात एन्क्रिप्शन सहाव्या लेयरचं काम. वायरगार्ड हे व्हीपीएन तर अख्खं आयपी पॅकेट चाचा२०-पॉली१३०५ या एन्क्रिप्शन पद्धतीने बंद करून यूडीपीत टाकतं. यात सहावा कुठे दिसला?

खालचा मजला: सहाव्याचं सोडा हो, तो परीक्षेपुरता. कुलूप कुठे लागलं त्यावर काय झाकलं जाणार ते ठरतं, मुद्दा तो आहे. टीएलएसमध्ये (https वेबसाइटचं कुलूप) मजकूर झाकतो, पण आयपी पत्ते आणि पोर्ट उघडेच. आयपीसेक, म्हणजे आयपी पॅकेटनाच कुलूप लावणारे प्रोटोकॉल, त्यातल्या ईएसपी या कुलपाच्या भागात ट्रान्सपोर्ट मोड घेतला तर पोर्टही झाकतात. टनेल मोडमध्ये मूळ पत्तेसुद्धा आत जातात, बाहेर दिसतात फक्त दोन गेटवे, म्हणजे बोगद्याची दोन टोकं.

नवखी: म्हणजे टनेल केला की एन्क्रिप्शन आलंच ना?

पॅकेटवाला: नाही! जीआरई (हाही टनेलचा एक प्रोटोकॉल) आणि एलटूटीपी नुसतेच बोगदे, कुलूप नाही. म्हणून तर एलटूटीपीच्या जोडीला आयपीसेक लावतात. हेच म्हणतोय मी: बोगदा वेगळा, कुलूप वेगळं, आणि दोघांना मिळून एक आकडा देता येत नाही.

रात्रपाळी: लेयर विसरल्याची शिक्षा मी भोगली आहे. फायरवॉल यूडीपी अडवते म्हणून ओपनव्हीपीएन टीसीपीवर नेलं; टीसीपी हाही चौथ्या लेयरचा, पण हरवलेलं पॅकेट स्वतः पुन्हा पाठवणारा. लाइन जरा खराब झाली की आतला टीसीपी पॅकेट पुन्हा पाठवतो, बाहेरचाही पाठवतो, आणि सगळं तुंबतं. दोन दिवस मी केबलला शिव्या घालत होतो.

खालचा मजला: बघा, पॅकेटवाले! चौथ्यात चौथा घातला की असं होतं.

पॅकेटवाला: चौथ्यात चौथा म्हणजे आकडे दोन झाले. मी एकाबद्दल बोलत होतो.