शब्दचर्चा : कॉमिक वाचला, वाचली की वाचलं?

रात्रवाचक

मंडळी, नवीन काय वाचलं यावर मी एरवी चार ओळी खरडतेच, पण या वेळी पहिल्याच वाक्याला अडले. 'नुकताच एक कॉमिक वाचला', 'नुकतीच एक कॉमिक वाचली' की 'नुकतंच एक कॉमिक वाचलं'? आमच्या घरात तिन्ही चालतात. मी 'ते' म्हणते, नवरा 'तो' म्हणतो, आणि लेकीची 'कॉमिक्स' एकच असली तरी शेवटी स लागतोच, वर ती 'ती' असते.

वाचलंय ते भीमायन. २०११ साली नवयान प्रकाशनाने काढलेलं, बाबासाहेबांच्या आयुष्यातल्या प्रसंगांवरचं. शाळेत पाण्याला हात लावायची बंदी, मसूर स्टेशनावर उतरलेल्या पोरांना बैलगाडी न मिळणं, बडोद्यात राहायला जागा न मिळणं, महाडचं तळं. प्रसंग आपल्याला शाळेपासून माहीत असतात, त्यामुळे मी जरा निवांतच उघडलं. पण चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड आदिवासी चित्रकारांची आहेत, आणि त्यांनी चौकटीच टाकून दिल्यात! त्यांच्याकडे घराच्या भिंतींवर, जमिनीवर जी दिग्ना नक्षी काढतात, तीच पानभर वळणं घेत जाते आणि पानाचे भाग पाडते. संवादाच्या फुग्यांचं तर काय सांगू. ज्याचं बोलणं मऊ, सोसणाऱ्याचं, त्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा. ज्याच्या बोलण्यात विष, त्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. शिवी वाचायच्या आधी नांगी दिसते.

तर आता, हे पुस्तक 'अंगावर येणारं कॉमिक' आहे असं लिहिलं तर चालेल का?

मास्तर

ताई, लिंगाचं आधी बघू. शाळेच्या व्याकरणात नियम आहे की परभाषेतून आलेल्या शब्दाचं लिंग त्याच अर्थाच्या मराठी शब्दावरून ठरवायचं. बूट पुल्लिंगी, कारण जोडा. पेन्सिल स्त्रीलिंगी, कारण लेखणी. ट्रंक स्त्रीलिंगी, कारण पेटी. बुक नपुंसकलिंगी, कारण पुस्तक. नियम चांगला आहे, पण कॉमिकसमोर मराठी शब्द कुठला ठेवायचा? पुस्तक ठेवलं तर 'ते', दर आठवड्याला येणारा अंक ठेवला तर 'तो', गोष्ट किंवा चित्रकथा ठेवली तर 'ती'. तुमच्या घरातली तीन माणसं तीन वेगळे शब्द मनात धरून बोलताहेत. व्याकरण कुणाचंच चुकत नाही. बाग, वेळ, ढेकर, तंबाखू हे शब्द दोन-दोन लिंगांत खुशाल नांदतातच की.

माझं मत विचाराल तर 'ते'. त्याचं कारण एवढंच की अनेकवचन सरळ होतं : कॉमिकं, पुस्तकं.

वैदर्भीय

'कॉमिकं'? मास्तर, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकून राहिलो.

आमच्या नागपुरात ती कॉमिक्सच. आणि लेकीचा स चुकलेला नाही. आम्ही वाचायचो ती बहुतेक राज कॉमिक्स, हिंदीतली. नागराज, सुपर कमांडो ध्रुव, डोगा. हिंदीत 'किताब पढ़ी' तशी 'कॉमिक्स पढ़ी', तिथून ती तश्शी मराठीत उतरली. 'नागराजची नवीन कॉमिक्स आली का बे?' असं विचारायचं, आणि दुकानदार भाड्याने द्यायचा. पान मुडपलं तर बोंब. स कुठून आला म्हणाल तर मुखपृष्ठावरून. मोठ्या अक्षरात 'कॉमिक्स' छापलेलं असायचं, पोरगं वाचेल तेच म्हणेल ना! त्यात अनेकवचन दडलंय हे सातवीतल्या पोराला काय ठाऊक.

गंमत म्हणजे डोगा राहतो मुंबईत, पण मुंबईच्या कुठल्या पोराला तो माहीत असेल तर शपथ. मध्यंतरी दोन-चार परत वाचल्या. मारामारी अजून भारी वाटते, पण गोष्ट म्हणाल तर दर दहा पानांनी कोणीतरी कोणाचा तरी सूड घेतो, बस. तरी एका बैठकीत फडशा पाडला, खोटं कशाला बोलू.

तळकोकणी

आम्ही कॉमिक हा शब्दच कमी वापरला. आमच्यासाठी सगळीच 'इंद्रजाल'. 'इंद्रजाल आसा काय रे?' एवढंच विचारायचं, मग समोरच्याकडे दुसऱ्याच कंपनीचं काही असलं तरी तो तेच पुढे करायचा. टाइम्सवाल्यांनी १९६४ च्या मार्चमध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केली आणि ती १९९० पर्यंत चालली, मराठीतही निघत. म्हणजे बंद पडली तरी शब्द चालूच.

त्यातला फॅंटम मराठीत 'वेताळ' झाला, यावर इथे कोणीतरी बोलायला हवं होतं, नाहीतर मीच बोलतो. वेताळ म्हटलं की देशावरच्या माणसाला विक्रमाच्या खांद्यावरचं प्रेत आठवतं, नाहीतर रागीट माणसाला म्हणतात तो आग्यावेताळ. आमच्याकडे वेताळ म्हणजे गावाचा राखणदार. वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे, तिथे नवस फेडताना केळीचे घड देतात आणि भल्यामोठ्या चपला वाहतात. देव रात्री गावाच्या राखणीला फिरतो, म्हणून त्या झिजतात अशी श्रद्धा. गोव्यात लोलयेंलाही बेताळ आहेच. आता जंगलाची राखण करणारा, कधी मरत नाही असं लोक मानतात असा, बापामागून मुलगा तेच काम चालवणारा नायक आमच्या हातात 'वेताळ' नावाने पडला, तर आम्हांला त्यात परकं काय वाटणार? भाषांतर करणाऱ्याच्या मनात विक्रम-वेताळ असेल की वेतोबा, मला कल्पना नाही. पण शब्द आमच्याकडे पुण्यापेक्षा घट्ट बसला एवढं नक्की.

परवा माळ्यावरचे काही अंक काढून वाचले. चित्रांतली सफाई अजून मानावी अशी आहे. पण सगळं जंगल एका गोऱ्या माणसाच्या भरवशावर, आणि जंगलातली मूळ माणसं त्याच्यामागे भाले घेऊन पळणार, हे आता वाचवत नाही. लहानपणी याची पारायणं केली होती आणि एकदाही खटकलं नव्हतं.

आणि हो, 'अंक' म्हणालो बघा. माझ्या मनात तो पुल्लिंगीच आहे. मास्तर बरोबर.

रात्रवाचक

भाऊ, आग्यावेताळ आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला म्हणतात :) पण चपलांचं माहीत नव्हतं.

मास्तर, तुमचा नियम पटला, पण मग भीमायनला कॉमिक म्हणतानाच जीभ अडखळते त्याचं काय? विनोदी काहीच नाही त्यात. ग्राफिक नॉव्हेल म्हणावं का? ती तरी निर्विवाद 'ती', कादंबरीमुळे.

मास्तर

कादंबरी म्हटलं की कल्पित आलं. आणि मुळात 'कादंबरी' हे बाणभट्टाच्या नायिकेचं नाव, तिच्यावरून ग्रंथाचं, आणि मराठीत त्यावरून अख्ख्या प्रकाराचं. तळकोकणीभाऊंच्या इंद्रजालचं झालं तेच, फक्त तेराशे वर्षं आधीच्या पुस्तकावरून. भीमायन काही कल्पित नाही. स्पीगलमनचं माउस हे कॉमिक घ्या, ज्यू उंदीर आणि जर्मन मांजरं काढलेलं, त्याला १९९२ मध्ये पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला. त्यातही लेखकाच्या वडिलांच्या ऑशवित्झच्या नाझी छळछावणीतल्या खऱ्या आठवणी आहेत. त्याला चित्रकादंबरी म्हणणं म्हणजे आठवणींना कादंबरी म्हणणं. फार तर चित्रचरित्र म्हणा. शब्द जरा मास्तरी आहे, कबूल.

भीमायनपुरता तुमचा प्रश्न मात्र शीर्षकानेच सोडवलाय. रामायण 'ते', म्हणून भीमायन 'ते'. 'भीमायन वाचलं' लिहा आणि कॉमिक शब्दच गाळा.

जाता जाता एक कसोटी. परका शब्द मराठीत किती मुरलाय हे त्याला विभक्ती लावून बघावं. पेपरात, बँकेत, टेबलावर, स्टेशनावर. हे शब्द मुरले, त्यांचं सामान्यरूप झालं. बसचं होत नाही, कारण 'बशीत' म्हटलं की चहा सांडतो, म्हणून 'बसमध्ये'. आता कॉमिकला लावा. कॉमिकात? कॉमिकेत? दोन्ही कानाला टोचतात, आपण 'कॉमिकमध्ये' म्हणून सुटतो. लिंग ठरलेलं नाही म्हणून सामान्यरूप होत नाही, आणि सामान्यरूप होत नाही म्हणून लिंग ठरत नाही. उलट 'चांदोबात' आणि 'इंद्रजालात' बिनदिक्कत म्हणतो.

वैदर्भीय

मी 'कॉमिक्सात' म्हणतो. कानाला काही टोचत नाही. पण मग मास्तर, 'ती कॉमिक्स' आणि 'कॉमिक्सात' हे जमत नाही ना? स्त्रीलिंगी असती तर 'कॉमिक्सेत' व्हायला पाहिजे होतं. म्हणजे मी पण अर्धा पुल्लिंगी निघालो. जाऊ द्या.

अवांतरकर

अवांतर : शाळेत या सगळ्याला 'अवांतर वाचन' म्हणतात, हे कोणालाच कसं खटकत नाही? गुणपत्रिकेच्या छंदांच्या रकान्यात 'अवांतर वाचन' लिहिलेलं असायचं. म्हणजे पाठ्यपुस्तक हे वाचन, आणि माणूस स्वतःच्या हौसेने वाचतो ते विषय सोडून! आपण इथेही भरकटलो की 'अवांतर' लिहितो, तोच शब्द. घरी तर त्याहून खालची पायरी होती. पुस्तक 'वाचतोय' म्हणायचे आणि चांदोबा 'बघत बसलाय'. खरं तर चांदोबात चित्रापेक्षा मजकूर किती तरी जास्त असायचा. पण चित्र दिसलं की क्रियापद बदललं.

'आनंदासाठी वाचन' हा शब्दप्रयोग हल्ली दिसतो, तो मला पाटीवर लिहिल्यासारखा वाटतो. माझी आजी 'करमणुकीचं वाचतेय' म्हणायची. तेच बरं.

मास्तर

'बघत बसलाय' यातला 'बसलाय' जास्त लागणारा आहे. 'वाचत बसलाय' असंही म्हणायचेच की, दळण आणायचं राहिलं असलं की.

तळकोकणी

ताईंचा दुसरा प्रश्न सगळे विसरले. 'अंगावर येणं'.

अंगावर कुत्रा येतो, बैल येतो. भडक रंग अंगावर येतात, नटाने आरडाओरडा केला की अभिनय अंगावर येतो. ही सगळी तक्रार आहे. अलीकडे पुस्तकांवर लिहिणाऱ्यांनी त्याची स्तुती करून टाकली, 'अंगावर येणारी कादंबरी' म्हणजे जबरदस्त. होतात असे बदल, माझी हरकत नाही, पण मग वाचणाऱ्याला कळत नाही की लेखकाने ताकदीने लिहिलंय की बटबटीत. 'अंगावर काटा येतो' हे निराळं, ते कौतुक किंवा भीती, पण संदिग्ध नाही.

आणि तुम्ही जे वर्णन केलंत, पक्ष्यांचे फुगे वगैरे, ते कुठे अंगावर येतंय? ते शांतपणे सांगतंय.

रात्रवाचक

खरंय. नांगीवाले फुगे सुद्धा लहान आहेत, पानाच्या कडेला असतात. मी 'सलत राहतं' लिहू का? 'खिळवून ठेवतं', 'नितांतसुंदर' वगैरे लिहायचं नाही असं आधीच ठरवलंय.

अवांतरकर

लिहा. काटा सलतो, नांगीशी जुळतंही. 'ओघवती शैली' विसरलात, तीही बंदच करा.

वैदर्भीय

एक राहिलं. 'चिंटू'ला आपण कधी कॉमिक म्हटलं का? १९९१ पासून पेपरात आला, चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांचा. चार चौकटी, फुगे, सगळं कॉमिकचंच. पण आम्ही 'आजचा चिंटू वाचला का?' असंच विचारायचो. चिंटू पोरगा, म्हणून वाचला. वेताळही वाचलाच. अमर चित्र कथा मात्र वाचली, तिथे तर वेष्टनावरच 'कथा' लिहिलंय. मुखपृष्ठावर पोरीचं नाव असलेली कॉमिक्स कोणी वाचली असेल तर सांगा, तिचं 'ती' होतं का ते बघू.

मास्तर

'चित्र कथा' असं तोडून लिहिलंय ते मात्र मी कधी माफ केलेलं नाही. सामासिक शब्द आहे, चित्रकथा.